चारशे लिटर

ऑगस्टात यसेनोव्का घोट्याएवढी उरते.
मी पँट दुमडून मधोमध उभी,
हातात प्रवाहमापकाची काठी,
तळव्यांखाली बोस्नियाचे गुळगुळीत, गार गोटे.
काठावर आल्डरच्या सावलीत मुयो आकडे उतरवतो,
त्याचा सात आणि एक मला कधीच ओळखू येत नाही.

सेकंदाला चारशे लिटर.
हीच का ती,
जिने त्या मे महिन्यात शाळेचा फळा धुऊन नेला,
बाकांसकट,
आणि झुमरेताची गाय गोठ्यातून उचलून
मशिदीच्या ओट्यावर नेऊन ठेवली, जिवंत?
भिंतीवर अजून तपकिरी रेघ आहे
माझ्या खांद्याच्या वर.
तिच्यावर चुना टिकत नाही म्हणतात.

धरण ठरलंय, निदान कागदावर.
बेचाळीस मीटर उंच, तळाशी एक भोक.
एरवी नदी त्यातून बिनबोभाट जाईल,
पुराच्या दिवशी तेवढं दार लागेल.
मला पाठवलंय ते एका प्रश्नासाठी:
एवढं बांधतोच आहोत, तर वीज निघेल का?
मंत्रालयातल्या माणसाने हे असं विचारलं
जसं दुधाला निघालेल्याला जिन्यातून हाक मारावी,
अगं, येताना पावही आण.

पण पुराच्या धरणाने उपाशी बसायचं असतं,
वर्षभर,
त्या एका रात्रीसाठी पोटात जागा राखून.
विजेच्या धरणाचं पोट भरलेलं लागतं.
मी दोन्ही गणितं मांडली.
वसंतातला प्रवाह, अडतीस मीटर पाणी तुंबवलेलं:
साडेनऊशे किलोवॅट. छान, गोल, फोटो काढण्याजोगा आकडा.
मग त्याच तलावावर तो मे महिना ओतून पाहिला.
दुपारी तीनला पाणी माथ्यावरून वाहिलं,
संध्याकाळी शाळेत.

पावसाचे आकडे मी पुन्हा तपासले. चूक नव्हती.

हामदिया आजोबा कॉफी घेऊन उतरले,
तांब्याची झेझ्वा, दोनच कप, मुयोला प्लमचा रस.
पलीकडच्या दगडी चौथऱ्याकडे बोट केलं:
आमची गिरणी. बाबांनी जर्मन ट्रकचा डायनामो
पाणचक्कीला बांधला होता.
एक दिवा. सगळ्या खोऱ्यात एकच.
उन्हाळ्यात पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा,
त्यात आई सुईत दोरासुद्धा ओवू शकायची नाही.
वर डोंगरात पाऊस झाला की उजळायचा.
आणि पांढरा झाला,
पांढरा, की डोळे दिपावेत,
तेव्हा आई आम्हाला गदागदा हलवायची.
उठा. नदी येतेय.

मग?
मग एकदा फुटला. तोवर आम्ही टेकडीवर होतो.
त्यांनी कपाच्या तळाचा गाळ गवतावर ओतला.
तुमच्या धरणात असं काही बसवता येईल का, बाई?

रात्री लॉजच्या टेबलावर, टेबलाचा एक पाय आखूड,
मी भोकापाशी चार मीटरचा लहानसा बांध काढला,
त्याच्या पाठीशी एक छोटं टर्बाइन.
ऑगस्टातले चारशे लिटर, चार मीटर उंची:
साडेबारा किलोवॅट.
मंत्री फीत कापायला येणार नाहीत एवढ्याला.
दाराची मोटर चालेल,
तीही बॅटरीत साठवून ठेवली तर.
भोंगा वाजेल. मापकाच्या खोलीत उजेड राहील.
तारा तुटल्या, गाव अंधारात गेलं,
तरी धरण स्वतःचं दार स्वतः लावू शकेल.
अहवालात लिहिलं: विक्रीयोग्य वीज, शून्य.
हे वाक्य मी तीनदा खोडून तीनदा लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली होती.
तिथे जोडलं: भोंग्याशेजारी एक साधा दिवा असावा,
टर्बाइनलाच थेट जोडलेला,
दाब स्थिर ठेवणारं कुठलंही यंत्र मध्ये न घालता.
कारण विचारतील.
मुयो विचारतोच आहे,
हे बाराच्या पुढे तुम्ही काय लिहिलंय,
पाच की सहा?